सहीच्या वरचा मजकूर

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्चिंगला शिकत असताना मी म्युनिकमधल्या एका विकाससंस्थेत वर्षभर हिवी होतो. हिवी म्हणजे विद्यार्थी-सहायक. पानं लावायची, प्रती काढायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि संस्थेच्या प्रमुख बाईंनी काहीही सांगितलं की ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचं. हे सगळं मी अगदी मन लावून केलं. मन लावून काम करणाऱ्याला डोकं लावायचं भान राहत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात संस्थेने एक दिवसाची परिषद ठेवली होती. विषय होता आफ्रिकेच्या कारभारात आणि विकासात तरुणांचा सहभाग. माझ्या वर्गात घानाची एक मुलगी होती, पाणीपुरवठ्याचं शिकायला आलेली. तिचं नाव मीच बाईंना सुचवलं. बाई खूश झाल्या, त्यांना ‘युवकांतर्फे’ बोलणारं कुणीतरी हवंच होतं.

माझ्या मैत्रिणीला भाषणाची हौस नव्हती. तिला फक्त एक वाक्य हवं होतं. तिच्या गावात पाइपलाइनचा चर पोरापोरींनी खणला होता, तिने स्वतः दोन सुट्ट्या त्यात घातल्या होत्या. पाणी आलं तेव्हा नळ कुठे बसवायचे ते पाणी समितीने ठरवलं, आणि समितीत सगळे म्हातारे. तिची वस्ती कोरडीच राहिली. आता योजनेचा दुसरा टप्पा होणार होता आणि त्याला पैसा देणारे लोक या परिषदेला येणार होते. शेवटी ‘युवकांची घोषणा’ जाहीर व्हायची होती, आणि त्या घोषणेला धरून पुढचे नियम ठरणार होते. त्यात तिला एवढंच घालायचं होतं: पाणी समितीत तरुणांना मताचा अधिकार हवा. कँटीनमध्ये ते वाक्य तिने इतक्यांदा म्हणून दाखवलं की मलाही पाठ झालं.

परिषदेच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं उ-बानने, तिथल्या मेट्रोने, निघालो. गाडीत मी पिशवीतून एक कागद काढला आणि तिच्या हातात पेन दिलं.

“ही घोषणा. खाली तुझं नाव आहे, तिथे सही करून टाक. मग तिकडे गडबड नको.”

तिने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. “हे कधी लिहिलं?”

“सोमवारी आलं बाईंकडून. मीच पान लावलं.”

“आज शुक्रवार आहे,” ती म्हणाली. “आणि इथे लिहिलंय, दिवसभराच्या चर्चेनंतर आम्ही युवक एकमताने जाहीर करतो. आम्ही अजून तोंडसुद्धा उघडलं नाहीये.”

मी हसलो. खरंच हसलो, आज त्याची लाज वाटते. “अगं, सगळीकडे असंच असतं. सही म्हणजे फॉर्मॅलिटी.” आणि तिलाही हसू यावं म्हणून मी आईची गोष्ट सांगायला घेतली.

मराठवाड्यातल्या आमच्या गावात आई एकदा बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीची सदस्य झाली होती. आमच्या बौद्धवस्तीतली ती पहिलीच बाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तेव्हा नववीत होतो. पाटीवर गिरवून घेऊन मी तिला सही शिकवली. बैठकीला तिला कधीच कुणी बोलावलं नाही. पंचायतीचा शिपाई ठरावाचं बुक घेऊन घरीच यायचा. आई चहा विचारायची, तो ‘आत्ताच झाला’ म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबायचा. मी बुक धरायचो, पानावर बोट ठेवायचो आणि आई तिथे जीभ चावत सही करायची. माझी आई अंगठाबहाद्दर नाही म्हणून मी वस्तीभर मिरवायचो.

मैत्रीण हसली नाही. “त्या सहीच्या वर काय लिहिलेलं असायचं?” तिने विचारलं.

मी आठवायला लागलो, आणि आठवेना. बुकाचा फाटका निळा पुठ्ठा आठवत होता, सही झाल्यावर आईने पदराला पुसलेली बोटं आठवत होती. मजकुरातला एक शब्दही नाही. मी नववीत होतो, वर्गात पहिला यायचो. मला वाचता येत होतं आणि मी ते कधी वाचलंच नव्हतं. फ्रॉटमानिंग स्टेशन गेलं, श्टुडेंटेनश्टाट गेलं, मी आठवतच होतो. तिने पेन परत दिलं. सही केली नाही.

दुपारी ती बोलायला उभी राहिली. छापील पानाला तिने हात लावला नाही. चर, नळ, समिती असं सगळं सांगून शेवटी तिने ते वाक्य म्हटलं, स्वच्छ आणि सावकाश. टाळ्या पडल्या. बाई उठल्या. “तर, फार महत्त्वाचा मुद्दा,” त्या म्हणाल्या, “आपण याची नोंद घेऊ. आणि घोषणा आपल्या सगळ्यांच्या हातात आहेच.”

होतीच. सकाळी पोचल्या पोचल्या, सवयीने, प्रत्येक खुर्चीवर मीच ठेवली होती. गुळगुळीत कागदावर ‘युवकांचा सल्ला घेतला जावा’ असं गुळमुळीत वाक्य, आणि खाली माझ्या मैत्रिणीचं छापील नाव. सहीची कुणाला गरजच नव्हती. ते नाव मी टाइप केलं होतं, बरोबर पडलंय ना म्हणून दोनदा तपासलंही होतं. तिचं वाक्य मला पाठ होतं आणि सोमवारी ती घोषणा लावताना ते त्यात नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी धावत बाईंकडे गेलो. हे बदलता येईल का विचारलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “पण छापून झालंय ना,” त्या म्हणाल्या, अगदी प्रेमाने.

मैत्रीण दारात भेटली. “आईला विचार,” एवढंच म्हणून ती गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी स्टेशनबाहेरच्या टेलिफोन बूथमध्ये शिरलो, कार्ड घातलं आणि घरी फोन लावला.

“आई, पंचायतीच्या त्या बुकात तुझ्या सहीच्या वर काय लिहिलेलं असायचं गं?”

आई म्हणाली, “येक तेवढं ठावं हाय. आपल्या वस्तीची पाण्याची टाकी वरच्या गल्लीत न्यायची, त्याचा ठराव. मागून कळलं. सरपंचानं सगळ्यांम्होरं बुक उघडून दावलं. ही बगा, तुमच्याच बाईची सही.”

बारावीपर्यंत मी त्या वरच्या गल्लीतून हंडे वाहिले होते. आईच्या देखत सरपंचाला रोज शिव्या घातल्या होत्या. ती कधी काही बोलली नव्हती.

“मग न वाचता सही कशाला केलीस?” मी बूथमध्ये ओरडलोच.

“मला कुठं वाचता येत व्हतं, बाबा,” आई म्हणाली. “तू व्हतास की बाजूला, बोट ठेवून. मला वाटायचं, तू वाचतुयास.”