शाल, श्रीफळ आणि वीट

तेरणा नदीकाठच्या त्या गावाचं नाव इथं दिलेलं नाही. बलभीमअण्णांचीच तशी अट होती. "माझं नाव छापा. गावाचं नगं," एवढंच ते म्हणाले.

अण्णांचं वय सत्त्याहत्तर. ढोकीला साखर कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं पहारा केला. निवृत्त झाल्यावर गावातली माणसं भजनाला बसतात किंवा पारावर पत्ते कुटतात. अण्णा गाव बघायला लागले. बारवेच्या पायऱ्या एकाच बाजूनं का झिजल्यात, वेशीच्या दाराचे खिळे नेमके त्या उंचीवर का, कोणाच्या उंबऱ्याला जुन्या देवळाची शिळा बसवली आहे, हे त्यांनी एकट्यानं हिंडून आणि म्हाताऱ्या गवंड्यांना विचारून गोळा केलं. मग सोलापूर-पुण्याहून वास्तुकलेची मुलं यायला लागली, त्यांच्यामागून प्राध्यापक. दर रविवारी सकाळी अण्णा त्यांना गाव दाखवत. पैसे घेत नसत.

त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणत, "घरचं माळवद गळतंय, त्याच्यावर माती टाकायला ह्यांना येळ न्हाय, आन लोकाची भिताडं पुण्याच्या पोरींना दाखवत्यात."

फेरी संपायची ती नदीकाठच्या विटांच्या देवळापाशी. देऊळ लहान, जुनं. त्याच्या विटा घडवताना मातीत भुसा मिसळलेला. भट्टीत भुसा जळून जातो, वीट आतून सच्छिद्र आणि हलकी होते. इतकी हलकी की पाण्यावर तरंगते. अण्णा हे सांगत नसत, करून दाखवत. देवळामागून बौद्ध वस्ती सुरू होते, तिथलं पहिलं घर मच्छिंद्र आणि त्याची बायको बनाबाई यांचं. बनाबाई भरलेली बादली दारात आणून ठेवायची. अण्णा वीट पाण्यात सोडायचे, वीट वर यायची, मुलं ओरडायची आणि सगळे मोबाइल बादलीवर वाकायचे.

"अण्णा, आमची बादली फोटोत पुण्याला जाऊन आली," बनाबाई म्हणायची. "आमी न्हाय गेलो अजून."

"तुज्या बादलीला तिकीट लागत न्हाय," अण्णा म्हणायचे.

वीट कुठली, हे कुणी विचारलं नाही. ती देवळाच्या मागच्या, नदीकडच्या भिंतीतली होती. तिथल्या दोन-चार विटा सैल होत्या. पहिली वीट एक हंगाम टिकली. भिजून वाळून, भिजून वाळून तिचा भुगा झाला. मग दुसरी काढली.

पुढं सत्काराची भर पडली. गावात मोठा पाहुणा आला की शाल-श्रीफळ दिल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. एकदा पुण्याचे एक नामवंत प्राध्यापक आले होते. अण्णांना वाटलं, नारळ काय, कुठंही मिळतो. त्यांनी शालीत गुंडाळून एक वीट प्राध्यापकांच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. त्यानंतर रीतच झाली. अधिकारी, पुढारी, कॉलेजांचे विभागप्रमुख, सगळे वीट घेऊन गेले. चौदा वर्षं हे चाललं.

"सैल असंल तीच काढायचो," अण्णा सांगतात. थोडं थांबून म्हणतात, "पर एक काढली की शेजारची सैल हुती. हे गवंड्यानं मला सांगितलं व्हतं. म्या पोरांना बी सांगायचो."

मागच्या भादव्यात नदी तीन दिवस पात्राबाहेर राहिली. पाणी उतरलं तेव्हा देवळाच्या मागच्या भिंतीचा कोपरा खाली बसला होता. पाहणीसाठी धाराशिवहून पुरातत्त्व खात्याच्या शिवांजली नावाच्या तरुण तज्ज्ञ आल्या. त्यांनी पडलेल्या भागात हात घालून पाहिलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "पाणी हे निमित्त आहे. भिंत आधीच पोकळ झाली होती. इथून कुणीतरी विटा काढून नेल्यात. साठ तरी असतील."

सरपंच रणधीर लगेच बोलले, "नेणारा लांबचा न्हाय, मॅडम." त्यांनी मच्छिंद्रच्या अंगणाकडं बोट केलं. तिथं पाण्याचा रांजण जुन्या विटांच्या ओट्यावर ठेवलेला होता.

"ह्या माज्या आज्यानं पांढरीतून आणल्यात," मच्छिंद्र म्हणाला.

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. माळवदावर टाकायला तिथली पांढरी माती सगळं गाव खणून आणतं आणि खणताना विटा निघतात. तशा विटा निम्म्या गावाच्या घरात आहेत.

"आज्याला कोण विचारायला जाणार?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

रणधीर अण्णांकडं वळले. "अण्णा, तुमच्याएवढं गावात कुणाला कळत न्हाय. सांगा, ह्या देवळाच्याच ना?"

अण्णांना वीट हातात घ्यायचीही गरज नव्हती. मच्छिंद्रच्या विटा जाड, घट्ट आणि काळपट होत्या. बनाबाईची बादली दारातच होती, भरलेली. त्यातली एक वीट पाण्यात टाकली असती तर दगडासारखी तळाला गेली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तरंगणाऱ्या विटा कुठं गेल्या.

"बघावं लागंल," अण्णा म्हणाले.

तेवढ्यावर पंचनामा झाला. रांजण खाली उतरवला आणि अकरा विटा ट्रॅक्टरमध्ये भरून पंचायतीत नेल्या. मच्छिंद्रनं अण्णांकडं एकदाच पाहिलं. बनाबाईनं बादली उचलून आत नेली.

अण्णांनी घरी गेल्यावर कस्तुराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी वाढली आणि समोर बसल्या. "चौदा वर्सं त्या बाईनं बादली भरून दिली. तुमाला एक वीट पाण्यात टाकता आली न्हाय?" अण्णा ताटावरून उठले.

आठवडाभरानं ते मच्छिंद्रच्या दारात गेले. बसा म्हणायला कुणी आलं नाही. उभ्यानंच विचारलं, "मच्छिंद्र, तू का बोलला न्हाईस? तुला तर ठावं हुतं."

उत्तर बनाबाईनं दिलं. "आमी बोललो असतो तर काय झालं असतं, अण्णा? सापडला म्हणून तुमच्यासारख्या म्हाताऱ्यावर ढकलतो, म्हणले असते."

"तुमी बोलताल वाटलं हुतं," मच्छिंद्र म्हणाला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अण्णा आपल्या घरची बादली भरून घेऊन आले. लोकांना वाटलं, कुणी पाहुणा येणार आहे. त्यांनी शिपायाला जप्तीतली एक वीट आणायला लावली आणि पाण्यात सोडली. वीट बुडाली.

"दुसरी टाका," कुणीतरी म्हणालं. दुसरीही बुडाली.

"रणधीर," अण्णा म्हणाले, "आता तुज्या शोकेसातली आन."

सरपंच हसले. "ती कशाला, अण्णा? ती तर तुमीच मला सत्काराला..." आणि तिथंच थांबले.

"व्हय. म्याच दिली. सगळ्या म्याच दिल्या."

मग रणधीर आवाज खाली आणून म्हणाले, "बसा, अण्णा. तुमचं वय झालं. हे लिहून बिहून ठिवायचं न्हाय. गावाची बदनामी व्हईल."

"मच्छिंद्राची झाली ती कुणाची हुती?"

ग्रामसेवकानं पेन उघडलं नाही. सभेच्या इतिवृत्तात त्या दिवशी फक्त नळाच्या पाइपलाइनचा ठराव आहे. अण्णा दुसऱ्या दिवशी एसटीनं धाराशिवला गेले आणि शिवांजलींकडं लेखी जबाब दिला. सोबत एक यादी होती, कोणत्या साली कोणाला वीट दिली याची. आठवली तेवढी बेचाळीस नावं. "काहींची तर तोंडंच आठवत न्हाईत," ते म्हणाले. मच्छिंद्रचं नाव प्रकरणातून निघालं. अण्णांच्या नावानं नोटीस आली, ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली आहे. विचारलं की दाखवतात.

यादीतल्या प्रत्येकाला त्यांनी पत्र टाकलं, वीट परत पाठवा म्हणून. आतापर्यंत नऊ विटा आल्या. प्राध्यापकांची वीट त्याच शालीत आली. रणधीर यांची अजून शोकेसमध्येच आहे.

मच्छिंद्रच्या अकरा विटा परत गेल्या, त्या दिवशी अण्णा ट्रॅक्टरमागं चालत गेले. "ओटा मी रचून देतो," म्हणाले.

"ठिवा तिथंच," मच्छिंद्र म्हणाला. "आमी रचू."

रविवारची फेरी अजून होते. देवळापाशी आल्यावर अण्णा मुलांना मागच्या बाजूला नेतात आणि पडका कोपरा दाखवून सांगतात, "ही भित म्या पाडली." मुलं मोबाइल खाली घेतात. कुणी एखादं विचारतं, तरंगणारी वीट बघायला मिळेल का. अण्णा नाही म्हणतात.

तिथून मच्छिंद्रचं अंगण दिसतं. ओटा पुन्हा रचला आहे, रांजण वर ठेवला आहे. दुसऱ्या थरातल्या विटांचा सांधा खालच्या सांध्यावरच आला आहे. असा ओटा फार दिवस टिकत नाही. अण्णांना ते लांबूनच कळतं. सांगायला ते गेलेले नाहीत.