भेटीच्या वेळेआधी

हे मी घरी कधी बोललेले नाही, वॉर्डात तर नाहीच. तुम्हाला लिहून सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात मी बरीच वर्षं नर्स आहे. पेशंटचे हात बांधण्यात आम्हाला कुणाला काही भयंकर वाटत नाही. मनगटाला कापूस, वर गॉजची पट्टी, टोक खाटेच्या दांडीला. पेशंटनी नळ्या उपसू नयेत, खाटेवरून पडू नयेत — कारणं तयार असतात. आणि एक अलिखित नियम: भेटीच्या वेळेआधी पट्ट्या सोडायच्या. नातेवाइकांना दिसता कामा नयेत. योग्यच करतो, तर लपवतो कशाला? हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

खरं सांगू? मला पेशंटच्या हातांची धास्ती होती. माझ्या ड्यूटीत एका आजोबांनी नाकातली नळी उपसली होती, आणि सगळ्या वॉर्डासमोर मला मेट्रनची बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून कुणाचा हात जरा हलला की मी हातातलं काम टाकून धावायची.

इगतपुरीकडचे एक बाबा होते, भातशेती करणारे. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलेलं, गळ्याला नळी. आवाज कायमचा गेला होता, लिहिता येत नव्हतं. जे काय बोलायचं ते हातांनी. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

त्या दुपारी वॉर्डात मी एकटीच. बाबा हात वर करत, खाली आणत, परत वर. मी थांबा म्हटलं, ते थांबेनात. मला वाटलं, हात आता गळ्याच्या नळीवर जाणार. की नुसता वैताग आला होता? दोन्ही असेल. मी त्यांचे दोन्ही हात बांधले, पडदा ओढला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

त्यांना लघवीचं भांडं हवं होतं. मला ते चादर ओली झालेली दिसल्यावर कळलं.

आणि नेमकी तेव्हाच त्यांची बायको आली. वॉचमनने लवकर सोडलं होतं तिला. ती चादरीकडे बघत राहिली, मग पट्ट्यांकडे.

"यांना बांधलं कशापायी, सिस्टर?"

नळीचं कारण सांगता आलं असतं. पण ओल्या चादरीचं काय? ती तक्रार करील, परत मेट्रनपुढे उभं राहावं लागेल. मला असं काहीतरी हवं होतं, की ती मान वर करून बोलणारच नाही.

"त्यांनी माझ्यावर हात उगारला," मी म्हटलं.

तिने मला हात जोडले. "माफी करा, ताई. लय गरीब माणूस हाय ओ. असं कधी केलं नाय त्यांनी."

मी पट्ट्या सोडल्या. सुटल्याबरोबर बाबांनी हात उचलला — भांड्याकडे दाखवलं, माझ्याकडे, मनगटाकडे. तिने तो हात धरून खाली दाबला.

"पुरे आता. बाईमाणसावर हात उगारता, लाज नाय वाटत?"

मी सलाईनचे थेंब बघत उभी होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी चादर बदलली.

त्यानंतर त्यांना दवाखान्यातून घरी सोडेपर्यंत, ती जवळ असताना, बाबांनी हात पांघरुणाबाहेर काढला नाही.

आता ते आहेत की नाहीत, ठाऊक नाही. अजूनही कुणा पेशंटने हात वर केला की मी आधी भांडं पुढे करते. कधी एसटी स्टँडवर ती समोर आली तर? ती ओळखेल आणि परत मला हात जोडील, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तिला अजून तेच खरं वाटत असणार.

बाबांनी माझ्यावर हात उगारला नव्हता.