काहील ओढतानाचं चित्र

दाजींनी मला एकदाच मनापासून काही विचारलं होतं आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कासुर्डीचे गुळवे. दीडेक महिन्यापूर्वी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये भाच्याचा फोन आला. दुसऱ्या ऑपरेशनमधून दाजी उठले नाहीत. “मामा, आतली झडप फाटली व्हती म्हणत्यात,” एवढंच तो बोलला... कुठून फाटली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या केंदूरहून ताई कासुर्डीला नांदायला गेली, तेव्हा मी कॉलेजात होतो. हंगामात तिच्याकडे गेलो की मुक्काम गुऱ्हाळावरच. चुलवाणाच्या धगीत, उसाचा रस आटत आला की चौघं मिळून रसाची ती अजस्र कढई, म्हणजे काहील, ओढायची आणि गूळ वाफ्यात ओतायची. पुढचं कडं दाजींच्या हातात. मी एकदा हात लावायला गेलो, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाव्हणं, फोड आला तर आमच्या मंडळींला जेवण गोड लागायचं न्हाई.” पुढे मी पुण्यात हृदयाच्या कृत्रिम झडपांच्या कामाला लागलो. झडप संगणकात उभी करायची, तिच्यातून रक्त वाहतं करायचं आणि पाकळ्यांवर कुठे किती ताण येतो ते रंगांत पाहायचं... निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. गावात मला ‘हार्टवाला’ म्हणू लागले. मला ते आवडायचं.

लहानपणीच्या तापाने दाजींची झडप खराब झाली होती, हे उशिरा कळलं. डॉक्टरांचं मत होतं, वय पाहता धातूची झडप बसवा. पण मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि गुऱ्हाळावर तर रोजचं कापणं-खरचटणं. दुसरी झडप जनावराच्या हृदयावरच्या पडद्याची. तिला या गोळ्या जन्मभर नकोत, पण कमी वयात ती लवकर झिजते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. विचार करून कळवा म्हणाले. आमच्याकडे असा विचार डॉक्टरांच्या खोलीत होत नाही, घरी होतो, आणि शिकलेल्या मेहुण्याचा शब्द शेवटचा असतो.

मी लॅपटॉप घेऊन गेलो. पडद्याच्या त्याच जातीच्या झडपेवर माझं काम चाललं होतं. तीन पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, सगळं कसं निळं-हिरवं. दाजी आधी चेष्टेवर आले, “म्हंजी आता जत्रंतल्या बोकडाला बी भाऊबंद म्हणायचं का?” ताई हसली. मग ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “पाव्हणं, ह्ये बसल्या जागचं हाय, का मी काहील ओढतो तवाचं?”

“काहील ओढतानाचंच आहे, दाजी.”

“मग झालं तर.”

ते चित्र पडून असलेल्या माणसाच्या नाडीचं होतं. नाडी आणि दाब चढवून मी ते गणित एकदाच चालवलं होतं. पाकळ्या जिथे कड्याला जोडलेल्या असतात, तिथे लालभडक रेघ उमटली होती. आपलीच मांडणी कुठे तरी चुकली असेल, अशी मनाची समजूत घालून मी ते बाजूला सारलं. पुन्हा चालवायला वेळ लागला असता आणि वरिष्ठांपुढे निळं चित्र दाखवायचं होतं. दाजींना ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणता आलं असतं. हार्टवाल्याला ते जमलं नाही.

दाजींनी पडद्याची झडप घेतली आणि दुसऱ्या हंगामापासून पुन्हा काहिलीला लागले. कुणी हटकलं तर म्हणायचे, मेहुण्यानं तपासून दिलीय. झडप मेहनतीने फाटली की वयामुळे झिजली, हे आज कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मीही नाही. या आडोशाला मी बरेच दिवस बसून पाहिलं... पण प्रश्न तो नाहीच. धातूची घ्यायची की काहील सोडायची, हे त्यांचं त्यांना ठरवायचं होतं. ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

परवा कासुर्डीला गेलो. गुऱ्हाळ बंद आहे. त्यांचा घाम पुसायचा पंचा ताईने धुतलेला नाही, दाराच्या खुंटीला तसाच आहे. त्याला गुळाचा वास येतो. भेटायला आलेल्या बायकांना ती सांगत होती, “माझ्या भावानं झडप निवडून दिली, म्हणून एवढी वर्सं तरी मिळाली.” मी समोर बसून चहा प्यालो.

हा मजकूर छापायला देण्याआधी मला कासुर्डीला जायचं आहे. ताईसमोर बसून, ते चित्र काहील ओढतानाचं नव्हतं, हे तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.