आईशी झालेली मॅच

"आई गेली. ये." बाबा फोनवर एवढंच म्हणाले. मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात होतो. मिळेल त्या विमानाने सांगलीला पोहोचेपर्यंत तिला बर्फावर ठेवलं होतं. या गोष्टीला दीड महिना होत आला. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात... "तुमची आई म्हणजे फणस हो, वरून काटे, पण आत गोड गरे." मी तिच्या पोटचा, एकुलता एक. मला गरे सापडले नाहीत. काटे होते, आणि ते अस्सल होते. तेव्हा गऱ्यांच्या आशेने वाचायला बसलेल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

लहानपणीही आम्ही दुबईतच होतो, आणि ऊद मेथा भागातल्या शाळेत मी वर्गातला सगळ्यात जाड मुलगा. आई मला रेडा म्हणायची, आणि लाडाने म्हणायची असं मुळीच नाही. २००८ च्या सुरुवातीला बाबांच्या कंपनीतल्या एका अमेरिकन इंजिनिअरने दर शुक्रवारी मुलं गोळा करून त्यांचा फुटबॉल शिकवायला घेतला. म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं. मला त्याने लाइनमन केलं. लाइनमनने चेंडूला हात लावायचा नाही, समोरच्याला ढकलून मागच्यासाठी वाट करायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आकाराचा कुणाला तरी उपयोग होता. थंडीत अबू धाबीच्या मुलांशी मॅच ठरली, आणि मला त्या मॅचशिवाय दुसरं काही सुचेना. एक खरी मॅच, बस.

आई एकदाच सराव बघायला आली. ती कॉलेजात कबड्डी खेळायची, डावा कोपरा. घरी येताना गाडीत म्हणाली, "तू उठून उभा राहतोस. उभा राहिलास की मेलास. आणि ताकद बैलालाही असते, पहिलं पाऊल कुणाचं पडतं ते बघ." दुसऱ्या दिवसापासून तिने मला ताब्यात घेतलं. इमारतीमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत मी मागून गाडी ढकलायची, आणि आई स्टिअरिंगवर, एसी लावून, काच दोन बोटं खाली. त्या फटीतून ओरडायची, "पाय छोटे टाक! म्हैससुद्धा तुझ्याआधी पोहोचेल!" जूनच्या उन्हात मला ओकारी झाली, तर तिने ओकून होईपर्यंत थांबून काच वर घेतली. पाण्याचे मोठे कॅन मी जिन्याने वर न्यायचे, लिफ्ट चालू असताना. वेगासाठी तिचा स्वतःचा शोध होता. ती स्वयंपाकघरात न सांगता डाव खाली टाकायची आणि आवाज झाला की मी समोरच्या भिंतीला जाऊन भिडायचं. जेवता जेवता, अभ्यास करता करता, केव्हाही. गणपतीत आरती चालू असताना बाबांच्या हातून पळी पडली आणि मी शेजारच्या काकूंना मोदकांच्या ताटासकट आडवं केलं. काकू ओरडत होत्या. आई कापूर विझू नये म्हणून हात धरत मला म्हणाली, "उशीर झाला तुला."

आणि मग मंदी आली. दर शुक्रवारी एकदोन मुलं कमी व्हायला लागली, कुणाच्या बापाची नोकरी गेली, कुणाचं कुटुंबच रातोरात गेलं. एका शुक्रवारी कोचच आला नाही. हेल्मेटांची पोती आमच्या डिकीत होती, ती तिथेच राहिली. जानेवारीत बाबांना नोटीस मिळाली. ते म्हणाले, "खलास. व्हिसा कॅन्सल होतोय, सामान बांधा." आई म्हणाली, "शुक्रवारी मॅच आहे. शनिवारी बांधू."

शुक्रवारी सकाळी उरलेली आम्ही मुलं सगळा साज चढवून मैदानावर उभी. ऊन चढलं तरी समोर कुणी नाही. शेवटी बाबांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की टीमच उरली नाही, सॉरी. मुलं हेल्मेट काढायला लागली. माझं मात्र हेल्मेट काढायचं धाडस होईना, कारण आत मी रडत होतो. तेवढ्यात आईने चपला काढल्या, ओढणी कमरेला आवळली आणि अनवाणी माझ्यासमोर येऊन वाकून उभी राहिली. "चल. मी आहे समोर."

"सुनंदा, काय चाललंय?" बाबा ओरडले. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "ब्रो, युअर मॉम इज स्केअरी." मी गेलो, पण कसाबसा. "ओवाळायला आलायस का?" म्हणत तिने घोटा धरून मला तोंडावर पाडलं. सगळे हसले. "रेडा तो रेडाच," ती हात झटकत म्हणाली. "पुन्हा ये."

पुन्हा गेलो. खालून गेलो, छोट्या पावलांनी, सगळ्या उन्हाळ्यासकट. ती उचलली गेली आणि पलीकडे पडली तेव्हा गुडघ्याचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू आला. मी धावलो. तिच्या तोंडात वाळू होती आणि चेहरा पांढराफटक, पण डोळे असे चमकत होते, की तसे मी ना आधी पाहिले ना नंतर. "हं... आत्ता कसा आलास!" म्हणाली. मग माझं तोंड बघून, "रडतोस काय? जिंकलास ना?"

मी आयुष्यात खेळलेली ती एकच मॅच. ऑपरेशनसाठी मी वर्षानुवर्षं हात जोडले. "ट्रॉफी कुणी दुरुस्त करतं का?" म्हणायची. येईल त्याला साडी वर करून तो वाकडा गुडघा दाखवायची, "माझ्या लेकाने मोडला." मुलगी बघायला गेलो तिथेही दाखवला. मी चहाच्या कपात बघत बसलो. ती माझ्यावर अभिमानाने सूड घेत होती की सुडाने अभिमान दाखवत होती, मला कधी कळलं नाही, आणि आता कळून उपयोगही नाही. तिला मी माफ केलेलं नाही.

तिरडीवर घेतलं तेव्हा तो पाय सरळ होईना. बांधणाऱ्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग त्यातला म्हातारा मला म्हणाला, "तुम्हीच दाबा. तुमच्या अंगात जोर आहे." मी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. बाबांनी मान फिरवली. "राहू द्या," मी म्हणालो. त्यांनी तो तसाच बांधला. मडकं धरून पुढे चालणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं. हिरव्या साडीखाली तो गुडघा ताठ वर आलेला होता, आणि मला तिचा इतका राग आला की भर रस्त्यात रडू फुटलं.