सुट्टी आणि रिकामं घर

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत समोरच्या दारात एक शेजारी राहतो. बायको गेल्यापासून एकटाच. त्याला इंग्रजी शब्द लसणासारखे सोलायचा नाद, आणि सोलून झालं की "कळलं ना रे?" विचारतोच. मी चौथीत शाळा सोडली, पण "नाही कळलं" असं मी कुणाला म्हणत नाही.

परवा बाकावर म्हणाला, "व्हेकंट म्हणजे रिकामं. व्हेकेशन त्याचाच भाऊ, दोघे एकाच लॅटिन शब्दाच्या पोटचे. सुट्टी म्हणजे रिकामं होणं. कळलं ना रे?"

"काय पण सांगतोस! आमच्या कोकणात मेच्या सुट्टीत घरात पाय ठेवायला जागा नसते. तुझ्या लॅटिनवाल्यांना आजोळच नसणार."

एरवी भांडला असता. त्या दिवशी मात्र उठून गेला. त्याची लेक दर मेमध्ये पोरांना घेऊन यायची, यंदा ती परदेशी फिरायला चाललीय, हे घरी बायकोने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. "तुझी नातवंडं येतायत ना? दोघांना माझ्याकडे झोपायला पाठव. गाद्या उन्हात घातल्यात."

पुढे नेहमीचं विचारलं नाही. या खेपेला मला खरंच कळलं होतं.