हिमशिखरासाठी दोन कांदे

त्या काळी मी अकोल्यातील एका शाळेत भूगोल शिकवीत असे आणि जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असे. शेजारच्या खोलीत एक विधवा बाई राहत. हंगामात त्या जिनिंगमध्ये कापूस निवडण्याच्या कामाला जात. मी त्यांना मावशी म्हणे. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता. साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात तो रजा संपवून परत निघाला. या वेळी त्याची नेमणूक हिमालयातील एका उंच शिखराच्या पायथ्याशी होती. शिखराचे नाव सांगण्याची त्याला मुभा नव्हती.

त्याला गाडीत बसवून आल्यावर मावशी माझ्या ओट्यावर टेकल्या. ट्रंकेत पांढरा दुपट्टा आणि दोन कांदे घातल्याचे त्यांनी समाधानाने सांगितले. आमच्याकडे उन्हात निघणारा माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. तेव्हा यात नवल नव्हते. पुढचे वाक्य मात्र मला थांबवून गेले.

"सूर्याच्या इतल्या जवळ जाऊन राहिला पोट्टा. ऊन त लागनच ना बाई."

मुलाने त्यांना काही सांगितले नसावे. हसून कांदे ठेवून घेतले असावेत. मला मात्र गप्प बसवेना. मी म्हटले, मावशी, उंचावर ऊब वाढत नाही, कमी होते. सूर्य आधी जमीन तापवतो आणि जमीन हवेला तापवते. आपण जसजसे वर चढतो, तसतशी हवा विरळ होते आणि तिला ऊब धरून ठेवता येत नाही. अकोला भाजून निघत असता चिखलदऱ्याला पांघरूण लागते, ते याचमुळे. मग चिखलदऱ्यावर चिखलदरा असे कितीतरी रचले, तर एक उंची अशी येते की तिच्यावरचे हिम उन्हाळ्यातही पुरते वितळत नाही. तिला हिमरेषा म्हणतात. मुलगा तिच्या आसपास राहणार होता.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. "मंग थो मले काहून नाई बोलला?" एवढेच विचारून त्या उठल्या. पुढे बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून आम्ही बाजा टाकत असू. त्यांची बाज आता आतच असे. त्या उकाड्यात दार लावून झोपणाऱ्या बाईला काय झाले आहे, हे मला कळत होते. तरीही खरे सांगणे आवश्यक होते, असेच मला आजही वाटते.

एका सकाळी त्या आपण होऊन आल्या आणि बर्फ पडते म्हणजे नेमके काय होते, असे विचारू लागल्या. बर्फ त्यांनी भुशात गुंडाळलेल्या लादीच्या रूपातच पाहिले होते, आणि तशा लाद्या आकाशातून पोराच्या डोक्यावर कोसळताहेत असे त्यांच्या डोळ्यांसमोर येत होते. मी म्हटले, हिम पडते ते पिंजलेल्या कापसासारखे, हलके. थरावर थर साचतात, वरच्यांच्या भाराने खालचे दबतात. प्रेसमध्ये कापसाची गाठ होते, तसे त्याचे कठीण बर्फ होते आणि उतारावरून अगदी सावकाश सरकू लागते. तीच हिमनदी.

"गाठ चालते म्हना की," त्या म्हणाल्या. किती तरी दिवसांनी त्यांच्या ओठांवर हसू दिसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला.

"थंडीत मानसाचं पह्यले काय जाते, बाई?"

हातापायांची बोटे, मी म्हटले. म्हणून तिथे मोजे कोरडे ठेवायला शिकवतात. त्यांनी मान हलवली. मग मी हेही सांगितले की दुपट्टा वाया जायचा नाही. विरळ हवेतून येणारे ऊन प्रखर असते, खालचे पांढरे हिम ते पुन्हा तोंडावर फेकते, आणि कडाक्याच्या थंडीतही चेहरा भाजतो. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. त्या संध्याकाळी त्यांची बाज पुन्हा अंगणात आली.

मुलगा पुढल्या हिवाळ्यात आला. चेहरा काळाठिक्कर, नाकाची साल निघालेली, डोळ्यांभोवती चष्म्याची फिकट वर्तुळे. मावशींनी त्याला ओट्यावरच बसवले.

"पानी मंग देतो. पह्यले पाय दाखव."

तो बूट काढता काढता हसत सांगत होता, "कांद्याचा गोटा झाला व्हता, माय. आचाऱ्यानं हातोडीनं फोडला." दुपट्ट्याने मात्र नाक वाचवले, नाही तर हेही उरले नसते, असे तो मला म्हणाला. मावशींचे लक्ष बोलण्याकडे नव्हते. त्या एकेक बोट दाबून पाहत होत्या. डाव्या करंगळीचे नख गेलेले होते आणि कातडी काळी पडली होती. त्यांनी वर माझ्याकडे पाहिले.

मी वाकून पाहिले. टोक दाबताच त्याने पाय मागे ओढला. दुखते आहे, म्हणजे बोट जिवंत आहे, मी म्हटले. डॉक्टरांना दाखवू, नख पुन्हा येईल.

मावशींनी ते पाऊल थोडा वेळ पदरात धरून ठेवले. मग त्या उठल्या आणि पाणी तापवायला चूल पेटवू लागल्या.