गुरुवारची चव

बायको गेल्यानंतर अडीच महिन्यांनी मुलीच्या शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका बोलत होत्या, आणि त्यांना विषय कसा काढावा ते समजत नव्हतं. शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. ते वाढण्याआधी पालकांपैकी कुणीतरी चाखून बघायचं आणि वहीत शेरा लिहून सही करायची, अशी पद्धत आहे. गुरुवारची सही माझ्या बायकोची असायची. यादीतलं तिचं नाव आता काढायचं का, एवढंच बाईंना विचारायचं होतं.

"काढा" असं म्हणायचं होतं. रेशनकार्डासाठी, बँकेत, गॅसच्या एजन्सीत मी ते म्हणून आलो होतो. त्या दिवशी मात्र म्हणवलं नाही. मी म्हणालो, "राहू द्या. गुरुवारी मी येतो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण एक काम अंगावर घेतलं आहे. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरच्या नोंदी ठेवतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सुपरवायझरला विनंती करून गुरुवारपुरती दुसरी शिफ्ट मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा मी म्हणालो, मुलीच्या शाळेत काम असतं. दर गुरुवारी काय काम असतं, असं त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं. खिचडी चाखायला जातो, हे सांगणं मला जमलं नसतं.

स्वयंपाकाची खोली शाळेच्या मागच्या बाजूला आहे, पत्र्याची. पहिल्या गुरुवारी मी गेलो तेव्हा आत दोन बायका होत्या. एक स्वयंपाक करणाऱ्या मावशी, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. दुसरी माझ्या बायकोची मैत्रीण. त्यांची झेंडू-शेवंतीची शेती आहे, मुलगा सातवीत, आणि गुरुवारच्या दोन पालकांपैकी एक ती. मी दारात दिसताच दोघींचं चाललेलं बोलणं थांबलं. मावशींनी प्लास्टिकचं स्टूल पुढं सरकवलं, ताटलीत पळीभर खिचडी वाढली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"मीठ कसं हाय, दादा?"

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि वहीत "चव चांगली" असं लिहिलं. आधीच्या पानांवर बायकोचे शेरे होते. "मीठ किंचित कमी." "आज मटकी छान शिजली." "तिखट लहान मुलांना जास्त होईल." मी ती पानं घाईनं उलटली.

पुढचे तीन गुरुवार मी तेच दोन शब्द लिहीत राहिलो. खरं असं होतं, की मला चव कळत नव्हती. बायको गेल्यापासून अन्न फक्त गरम किंवा गार लागायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात माझे वडील, मुलगी आणि मी. आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. माळावर जे मिळेल ते खाऊन दिवस काढलेला माणूस, ते कधी जेवणाला नाव ठेवत नाहीत. मुलगी काही बोलायची नाही. त्यामुळे मी काय रांधतो हे मलाही माहीत नव्हतं.

चौथ्या गुरुवारी बायकोची मैत्रीण आली नाही, त्यांच्याकडे फुलांचा तोडा होता. मी चाखलं, "चव चांगली" लिहिलं आणि कंपनीची बस पकडली. संध्याकाळी शाळेतून फोन आला. खिचडीत मीठ दोनदा पडलं होतं, एकदा मावशींच्या हातून आणि एकदा मदतीला आलेल्या बाईच्या हातून. मुलांनी घास तोंडात घेऊन ताटं तशीच ठेवली होती. मुख्याध्यापक शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, की वहीत तर तुमचा शेरा चांगला आहे.

पुढच्या गुरुवारी मी खाली मान घालूनच गेलो. मैत्रीण आली होती आणि तिला सगळं समजलं होतं.

"भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला मीठ कळत न्हाई व्हय?"

हा प्रश्न तिनं हसत विचारला होता. मी मात्र खरं उत्तर दिलं. म्हणालो, मीठ कळत नाही, तिखट कळत नाही, ती गेल्यापासून काहीच कळत नाही. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मावशी मात्र गॅस बारीक करून म्हणाल्या, "मग त्यात काय येवढं. मीठ आमी बघू. तुमी दाणा दाबून बघा शिजलाय का. आन् तुमाला वाचता येतंय, तर ती पाकिटं बघा. मला ते बारीक अक्षर दिसत न्हाई."

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. मी भाताचा दाणा दोन बोटांत दाबून बघायचो, डाळ निवडलेली आहे का ते बघायचो आणि मसाल्याच्या, तेलाच्या पाकिटांवरच्या तारखा वाचायचो. तारखा वाचण्याचं काम मी पोटासाठी करतोच. मुदत संपलेलं हळदीचं एक पाकीट सापडलं तेव्हा मावशींनी ते सगळ्यांना दाखवलं, जणू मीच ते पिकवलं होतं. वहीतले माझे शेरे लांबत गेले. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, इतकं तर आम्ही वार्षिक अहवालातही लिहीत नाही. मैत्रीण म्हणाली, "भाऊजींना बोलायला सांगू नका, लिहायला सांगा."

हळूहळू माझ्यासमोर त्यांचं अर्ध्यात थांबणारं बोलणं थांबेनासं झालं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्यांचं, फुलांच्या बाजाराचं. मी स्टुलावर बसून तारखा वाचायचो. मधल्या सुट्टीत मुलं ताटं घेऊन रांगेत यायची. माझी मुलगी रांगेत असली की माझ्याकडे बघायची नाही. तिला लाज वाटत असणार असं मला वाटायचं. सगळ्यांच्या आया येतात, आणि हिचा बाप येतो.

दिवाळीच्या आधी वरवंडहून बायकोचा भाऊ आला. तिथं हायवेला त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. चांगला माणूस आहे. बहीण गेली तेव्हा माझ्याहून जास्त तोच रडला होता. चहा झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पोरगी मोठी व्हायला लागली. घरात तुमी आन् आबा. उद्या तिला काय झालं, तर तिनं सांगायचं कुणाला? आमच्याकडं तिची मामी हाय, आजी हाय. सुट्टीनंतर तिला तिकडंच शाळेत घालू."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मेव्हण्याचं म्हणणं बरोबर होतं. हाच प्रश्न मी स्वतःला कितीतरी दिवस विचारत होतो. मला जे सुचतं ते पुस्तकातून सुचतं, म्हणून मी पुण्याहून एक पातळ पुस्तक मागवलं होतं, वयात येणाऱ्या मुलींसाठी लिहिलेलं, चित्रं असलेलं. ते तिच्या दप्तराशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या कपाटात, माझ्या पुस्तकांच्या रांगेत नीट उभं करून ठेवलेलं दिसलं. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. पुस्तक देऊन भागणार नाही, एवढं त्यातून मला कळलं. आणि ते तोंडानं सांगणं मला जमणार नव्हतं, तिलाही माझ्या तोंडून ऐकवलं नसतं.

मी मेव्हण्याला म्हणालो, विचार करून सांगतो. तो म्हणाला, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो.

विचार असा फार केला नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज लिहिला. अर्ज मी चांगले लिहितो. मुलीला अजून सांगितलं नव्हतं. ती आईच्या माहेरी जाईल, तिथं तिच्या आईसारखंच बोलणारी माणसं आहेत, असं मनाशी म्हणत राहिलो.

त्या मंगळवारी मी पहिल्या शिफ्टहून घरी आलो, तर मुलगी पांघरूण घेऊन झोपलेली. आबा म्हणाले, पोटात दुखत होतं म्हणून फुलवाल्यांची सून तिला स्कूटीवर घरी सोडून गेली, चहासुद्धा करून गेली. मी तिला ओव्याचं पाणी करून दिलं. ती ते मुकाट प्याली. बाहेरचं काही खाल्लंस का, असं मी दोनदा विचारलं. ती भिंतीकडं तोंड करून नाही म्हणाली. बुधवारी ती घरीच राहिली.

गुरुवारी अर्ज शर्टाच्या खिशात घालून मी शाळेत गेलो. आधी चव, मग ऑफिस, असं ठरवलं होतं. दाणा दाबून बघितला, सही केली आणि मावशींना सांगितलं, की दिवाळीनंतर मी येणार नाही. मुलीला वरवंडला पाठवतोय. अर्ज खिशातच आहे.

मावशींच्या हातातला झारा पातेल्यातच राहिला. मैत्रीण त्यांच्याकडे बघायला लागली.

"का पाठवताय?" मावशींनी विचारलं.

मेव्हण्यानं जे विचारलं होतं तेच मी सांगितलं. जरा अडखळत सांगितलं, कारण बायकांसमोर तो विषय काढायची मला सवय नव्हती. तिला काही झालं तर तिनं कुणाला सांगायचं, असं म्हणालो.

मग मावशींनी पदराला हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

"मी तिला शब्द दिलाय कुणाला सांगणार न्हाई म्हणून. पर तुमी दाखला काढाय निघालाय, तवा सांगते. मंगळवारी झालं ते. हितंच, शाळेत. पोरगी वर्गातनं उठली आन् सरळ हितं आली. हिला फोन करून बोलावलं. समदं सांगितलं तिला, कसं काय करायचं ते. साडेतीनला हिनं घरी सोडली. आज आलीय शाळेत, बघितलं मी. हसत हुती."

मी स्टुलावर बसलो. ओव्याचं पाणी आठवलं आणि कान तापले. मी विचारलं, की वर्गात बाई होत्या, मग ती इकडं कशी आली.

"मी बी तेच इचारलं तिला," मावशी म्हणाल्या. "तर म्हणाली, माझे पप्पा हितं बसतात ना."

मला वाटत आलं होतं, की ती माझ्याकडे बघत नाही. मैत्रिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "भाऊजी, आता अर्ज द्यायचा का न्हाई ते तिला इचारा की एकदा." बाहेर घंटा झाली. मावशींनी दार उघडलं आणि मुलांची रांग आत सरकायला लागली. मुलगी आठव्या-नवव्या नंबरला होती. तिनं ताट पुढं केलं, मावशींनी नेहमीसारखंच वाढलं, वर एक वाक्यसुद्धा नाही. मी बसचं कारण सांगून निघालो. ऑफिसकडे गेलो नाही.

गुरुवारी घरी पोचायला रात्र झाली, शुक्रवारी विषय काढवला नाही, म्हणून शनिवारी सकाळी मुलीला विचारलं. मामा तुला न्यायचं म्हणतोय, तिकडं मामी आहे, आजी आहे, शाळा मोठी आहे, असं सगळं तिच्यापुढं ठेवलं. तुला जायचं असेल तर मी आनंदानं पाठवीन, असंही म्हणालो. ते खरं नव्हतं, पण म्हणालो.

तिनं विचारलं, "तुम्हाला पाठवायचंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मामाला मी सांगते," ती म्हणाली, आणि वेणी घालायला बसली.

रविवारी मेव्हणा गाडी घेऊन आला. मामीनं मुलीसाठी खोलीसुद्धा लावून ठेवली होती, त्याचे फोटो त्यानं मोबाइलमध्ये आणले होते. मुलीनं ते सगळे बघितले, गुलाबी पडदे आवडले म्हणाली. मग म्हणाली, "मामा, सुट्टीत येते मी राहायला. पण शाळा हितलीच."

मेव्हणा माझ्याकडे वळला. मी जसं घडलं तसं त्याला सांगितलं, फार शब्द न वापरता. तेवढ्यात मुलगी आत गेली होती. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता, की हे आम्हाला का कळवलं नाही. मग तो निवळला. आपली बहीण ज्या खोलीत बसायची त्याच खोलीत हे झालं, हे बहुधा त्याच्या ध्यानात आलं असावं, पण तो तसं बोलला नाही. तो म्हणाला, "मग आईला मी काय सांगू?"

आबा इतका वेळ खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सांग, पोरगी चार घरची झालीय. येकट्याची न्हाई."

मेव्हण्यानं मैत्रिणीचा नंबर मागून घेतला. मामी तिच्याशी बोलेल, बायका बायकांचं बोलतील, दाजी तुम्ही मध्ये पडू नका, असं बजावलं. मला तर तेच हवं होतं. मग तो जेवायला बसला, दोन भाकरी खाल्ल्या आणि मोकळाच वरवंडला परत गेला. जाताना त्याची पाठ मला येतानापेक्षा सैल वाटली. तोही काही दिवस ओझं घेऊनच फिरत असणार.

गाडी वळल्यावर मी पायरीवर बसलो. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला पुढच्या कामाची घाई वाटत नव्हती. मुलगी वही घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी, पण एक पायरी वर, बसली. बराच वेळ ती गणित सोडवत होती. मग मान वर न करता म्हणाली, "पप्पा, मंगळवारचं तुम्हाला कळलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"मावशींनी सांगितलं?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

मलाही कसं विचारायचं ते कळत नव्हतं, असं मी म्हणणार होतो. पण तिनं पान उलटून पुढचं गणित सुरू केलं होतं, आणि ते म्हणायची आता गरज उरली नव्हती.